पावसाचे पाणी कोणाच्या दारात?

जालना जिल्ह्याचे नाव निघाले की राज्यकर्त्यांना दुष्काळ आठवतो, आणि तो आठवावा यात नवल नाही. १९७२ च्या दुष्काळाने हा भाग होरपळून निघाला. २०१२-१३ साली जालना शहराला टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले आणि अखेर पैठणच्या नाथसागराचे पाणी जलवाहिनीने शहरात आणावे लागले. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जी अतिवृष्टी कोसळली, तिचा तडाखाही याच जिल्ह्याने सोसला. वर्षाकाठी सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात एकाच गावाला मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच गावाच्या सखल वस्तीत गुडघाभर पाणी शिरते. या विपरीत स्थितीला निसर्गाची लहर म्हणून मोकळे होणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. पावसाच्या पाण्याचा विचारच न करता गावे वाढू दिली, त्याचे हे फळ आहे.

जालना शहराला २०२३ मध्ये महानगरपालिका मिळाली. मोठ्या शहराकडे निधी आणि अभियंते थोडेफार तरी वळतात. अंबड, परतूर, भोकरदन या नगरपरिषदांची आणि बदनापूर, मंठा, जाफराबाद, घनसावंगी या नगरपंचायतींची स्थिती वेगळी आहे. कालपर्यंत खेडी असलेली यांतील कित्येक गावे कागदोपत्री शहरे झाली. मात्र त्यांच्या हाती पर्जन्यजलाचे नियोजन म्हणून जे आहे, ते नालीच्या टेंडरापलीकडे जात नाही. ज्या प्रभागाचा नगरसेवक वजनदार, त्या प्रभागात नाली होते. निधी संपला की नालीही संपते, मग पुढे उतार असो वा नसो. जुन्या रस्त्यावर नवा सिमेंटचा थर चढतो आणि रस्त्याकडेची घरे दरवेळी एक पायरी खाली जातात. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते. काढलेला गाळ काठावरच टाकला जातो आणि मृगाचा पहिला पाऊस तो पुन्हा नालीत नेऊन घालतो. गुत्तेदाराने किती सिमेंट आणि किती खडी वापरली याची नोंद मोजमाप पुस्तकात होते. पाणी किती येणार, कोठून येणार आणि कोठे जाणार, याचे मोजमाप मात्र कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

हे मोजमाप फार अवघड आहे असेही नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. तीस हजार वस्तीचे, चारशे हेक्टरांवर पसरलेले एखादे तालुक्याचे गाव धरू. तेथे एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर गावावर वीस कोटी लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे वाहून गेले तरी ते दहा कोटी लिटर होते. माणशी सत्तर लिटरप्रमाणे त्या गावाची रोजची गरज एकवीस लाख लिटर. म्हणजे जवळजवळ दीड महिन्याचे पाणी एका दिवसात गावातून निघून जाते, आणि जाताना गरिबांच्या घरातील धान्य भिजवून जाते. हे सारेच पाणी अडवता येईल असा दावा कोणी करणार नाही. पण ज्या गावाला उन्हाळ्यात थेंबाथेंबाचा हिशेब करावा लागतो, त्याने पावसाळ्यात एवढ्या संपत्तीचा हिशेबच ठेवू नये, हे कोणत्या शहाणपणात बसते?

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. जमिनीचे क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार करून नालीत येणारा प्रवाह काढण्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकापासून अभियंत्यांना ठाऊक आहे. ताशी साठ मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असता चाळीस हेक्टरांच्या मोकळ्या शेतजमिनीवरून, तीन दशांश पाणी वाहते असे धरल्यास, सेकंदाला सुमारे दोन घनमीटर पाणी येते. त्याच चाळीस हेक्टरांवर प्लॉट पडले, घरे उठली, अंगणात फरशी व रस्त्यावर सिमेंट आले की आठ दशांश पाणी वाहू लागते आणि प्रवाह सव्वापाच घनमीटरांच्या वर जातो. पाऊस तोच, ओढाही तोच. पाणी मात्र अडीचपटीहून अधिक. खालच्या वस्तीने आपल्या घराची एक वीटही हलवलेली नसते, तरी तिच्या दारात पूर येतो. वरच्या अंगाला लेआउट पाडणाऱ्याने जमिनीचा नफा घेतलेला असतो आणि जमिनीवरचे पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटलेले असते. नफा खासगी आणि नुकसान सार्वजनिक, हा या व्यवस्थेचा नियम पावसाच्या पाण्यालाही लागू झालेला आहे.

पाणी प्रथम वरच्या अंगाला अडवावे, हे ज्ञान या भूमीला परके नाही. जालना हैदराबाद संस्थानात असताना २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने राजधानी उद्ध्वस्त केली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्रचनेच्या आराखड्यासाठी बोलावलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी केवळ नदीकाठच्या भिंती उंच करण्यावर समाधान मानले नाही. पूर जेथे जन्माला येतो तेथे, शहराच्या वरच्या बाजूस मुसी आणि ईसी या नद्यांवर जलाशय बांधण्याची शिफारस त्यांनी केली. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या या जलाशयांनी पुढे अनेक दशके शहराला पिण्याचे पाणी पुरवले. पूर आणि तहान यांवरचा उपाय एकच असू शकतो, याचा याहून ठळक दाखला शोधण्याची गरज नाही.

जालन्याचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. मलिक अंबरच्या काळातील जमशेद खानाने मोती तलाव बांधून भूमिगत नळांनी त्याचे पाणी शहरात खेळवले होते. निजामी राजवटीत कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय झाला आणि त्याचे पाणी विजेवाचून, केवळ उताराने जालन्यात पोहोचले. अंबडच्या बारवाही त्याच जलनीतीच्या साक्षीदार आहेत. राजेशाहीच्या आणि सरंजामशाहीच्या गौरवासाठी हे सांगावयाचे नाही. ज्यांच्या हाती संगणक नव्हता की उपग्रहाचे नकाशे नव्हते, त्यांनी जमिनीचा उतार पाहून कामे केली. आज सारी साधने हाताशी असताना उताराकडे पाठ फिरवून कामे होतात, एवढेच दाखवावयाचे आहे.

आजच्या काळातले उदाहरण पाहिजे असेल तर तेही जालना तालुक्यातच आहे. कडवंची गावाच्या शिवारात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, सलग समतल चर, नाल्यावरचे बंधारे अशी कामे क्रमाने झाली. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी काढली. २०१२ च्या दुष्काळातही कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. तेथे कोणताही चमत्कार घडला नाही. आधी माथा, मग उतार आणि शेवटी ओढा, हा क्रम पाळला गेला. नगरपालिका याच्या नेमके उलट करते. ती शेवटच्या टोकाला नाली बांधते आणि माथ्यावर लेआउटला मंजुरी देते.

खेड्यात सिद्ध झालेला हा क्रम लहान शहराला लावता येतो. त्यासाठी प्रथम साऱ्या गावाच्या उताराचा, ओढ्यांचा आणि बुजलेल्या नाल्यांचा नकाशा तयार झाला पाहिजे. नवी नाली त्यानंतर. गावाबाहेरच्या माळावर व गायरानावर समतल चर आणि लहान बंधारे घालून गावात शिरणारा लोंढा तेथेच मंद केला पाहिजे. लेआउटमध्ये कायद्याने सोडावी लागणारी दहा टक्के खुली जागा सर्वांत गैरसोयीच्या कोपऱ्यात सोडण्याऐवजी सखल भागात घेऊन तिचे खोलगट मैदान करावे. पावसाचे पाणी तेथे काही तास थांबेल आणि एरवी मुले तेथे खेळतील. शाळा, तहसील, बाजार समिती, बसस्थानक यांच्या विस्तीर्ण छपरांचे पाणी गाळून टाक्यांत वा विहिरींत घ्यावे. काळी माती ओली झाली की पाणी पुरेसे मुरू देत नाही, म्हणून पुनर्भरणाचे खड्डे मुरमाच्या जागी घ्यावे लागतील. नालीचे सांडपाणी विहिरीत जाणार नाही याची काटेकोर खबरदारी हवी. अन्यथा पाणीटंचाईवरील उपायातून रोगराई उद्भवेल. एवढे करून जे पाणी उरेल त्याच्या मापाने नाली बांधावी. तिचे तोंड ओढ्यापर्यंत पोहोचलेले असावे आणि ओढा मोकळा असावा.

येथेच खरा संघर्ष सुरू होतो. ओढा मोकळा करावयाचा म्हटले की प्रशासनाचा बुलडोझर सर्वप्रथम झोपड्यांकडे वळतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने हाहाकार माजवला. त्या दिवसाच्या पावसाने शहर परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. पुढे जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात त्याच ओढ्याकाठच्या वस्तीवर पाडापाडीची कारवाई झाली आणि ती थांबवण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ओढ्यात राहण्याची हौस कोणत्याही कष्टकऱ्याला नसते. गावातील परवडणारी दुसरी जागा त्याला कोणी दिलेली नसते. गुंठेवारीतला प्लॉट घेणाऱ्या मजुराला आपण नाल्याच्या पात्रात घर बांधतो आहोत हे ठाऊकही नसते. विकणाऱ्याला मात्र ठाऊक असते. तेव्हा ओढा मोकळा झालाच पाहिजे, पण त्याआधी तेथील कुटुंबांना त्याच गावात, कामाच्या जवळ, पक्के घर मिळाले पाहिजे आणि नाला बुजवून प्लॉट विकणाऱ्याकडून खर्च वसूल झाला पाहिजे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा गरिबासाठी एक आणि बिल्डरसाठी दुसरी असू शकत नाही.

निधी नाही, हे उत्तर ठरलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेत पर्जन्यजल निस्सारणाचा समावेश होता. परंतु ती एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरती असल्याने अंबड, परतूर, भोकरदन आपोआप बाहेर राहिली. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्याने लहान शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे आणि जलाशयांच्या पुनरुज्जीवनाचे दार उघडले. केंद्राच्या नागरी व्यवहार मंत्रालयाची पर्जन्यजल निस्सारणाची मार्गदर्शक पुस्तिका २०१९ पासून उपलब्ध आहे. मग अडते कोठे? सर्वेक्षण करून आराखडा सादर करील असा अभियंता लहान नगरपालिकेत नसतो आणि जिल्हा पातळीवर अशा अभियंत्यांचे सामायिक पथक नेमण्याची शासनाला गरज वाटत नाही. आराखडा नाही म्हणून निधी नाही, आणि निधी नाही म्हणून आराखडा नाही, या चक्रात वर्षे निघून जातात.

श्रमाचा प्रश्नही यात आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेल्या रोजगार हमीवर मराठवाड्यातील स्त्री-पुरुषांनी पाझर तलाव खोदले, नाल्यांना बांध घातले. केंद्राचा २००५ चा कायदाही ग्रामीण भागासाठीच झाला. गाव नगरपंचायत झाले की फलक बदलतो. मजूर मात्र तोच राहतो आणि कामाचा हक्क गमावतो. राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमीची योजना सुरू केली आणि जलसंधारणाची कामे तिच्यात घेतली. रोजगार हमीची जन्मभूमी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने लहान शहरांतील चर, तळी व ओढ्यांची कामे हमीच्या मजुरीवर का घेऊ नयेत? ज्या वस्तीत पाणी शिरते, त्याच वस्तीच्या हातांना ते अडवण्याचे काम मिळणे, हा या योजनेचा सर्वांत न्याय्य भाग ठरेल.

कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपालिकांत २०२५ च्या अखेरीस निवडणुका झाल्या. निधी मागावयास आणि जाब विचारावयास आता निर्वाचित सभागृह आहे. कार्यकर्त्यांनी पुढील पावसाळ्याची वाट न पाहता प्रत्येक प्रभागात फिरून पाणी कोठे तुंबते, कोणत्या घरात किती शिरते आणि कोणता नाला कोठे बुजला, याचा नकाशा लोकांकडूनच तयार करून घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना जुना ओढा आठवत असतो; त्यांची साक्ष गावनकाशाशी ताडून पाहावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने केवळ कागदच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला दिलेला आहे, तो वापरावा. गावाच्या उताराचा नकाशा सर्वसाधारण सभेपुढे आल्याखेरीज नालीचे एकही टेंडर निघू नये आणि वरच्या लेआउटचे पाणी कोठे जाणार याचा लेखी हिशेब दिल्याखेरीज त्याला मंजुरी मिळू नये, या दोन मागण्यांवर लोकांना संघटित करता येईल.

पाऊस कोणावर किती पडावा हे कोणाच्या हाती नाही. तो पडल्यावर कोणाच्या दारातून वाहावा आणि कोणाच्या विहिरीत साठावा, हे मात्र माणसेच ठरवतात. आजवर ते जमिनीचे मालक आणि गुत्तेदार ठरवीत आले. यापुढे ते गावाने ठरवावयाचे आहे.