पाचशे मीटर पाणी मोजून द्या

मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
रायगड, अलिबाग

कर्जत-खालापूरच्या पाण्याबद्दल सरकारी आदेश येतो तो पावसाळ्यात, आणि तोही बंदीचा. धबधब्यावर जाऊ नका, धरणात उतरू नका. माणसं बुडतात, तेव्हा बंदी हवीच. पण पाऊस सरल्यावर ह्या पाण्याचं काय, हा विषय कोणाच्या टेबलावर आलेला दिसत नाही. त्यावर कयाकच्या, म्हणजे वल्हवायच्या निमुळत्या होडीच्या, शर्यतींचा सराव होऊ शकतो.

न्यूझीलंडची लिसा कॅरिंग्टन तुम्हाला ठाऊक असेलच. ओहोपे नावाच्या लहानशा किनारी गावात वाढलेली माओरी मुलगी. 2012 ते 2024 ह्या चार ऑलिम्पिकांत कयाक स्प्रिंटची आठ सुवर्णपदकं. तिची हुकमी 200 मीटरची शर्यत पॅरिसमधून काढूनच टाकली, तर बाईंनी 500 मीटरच्या एकेरी, दुहेरी आणि चौघींच्या अशा तिन्ही शर्यती मारल्या. वय तेव्हा पस्तीस!

तिच्या दारात समुद्र होता, म्हणाल. मग आपले दत्तू भोकनळ घ्या. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी मुलूख, हाताला विहिरी खोदायचं काम. सैन्यात गेल्यावर वल्हं हाती आलं. 2016 साली रिओत तेरावा क्रमांक, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण. त्यांचं रोइंग पाठमोरं बसून चालतं, कयाकमध्ये तोंड पुढे असतं. पण मुद्दा तोच, पाणी दारात असावंच लागतं असं नाही. प्राची यादवनं तर समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशात, भोपाळच्या तलावात सराव करून 2023 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचं सुवर्ण आणलं.

आमच्याकडे पेज आणि पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहतात, टाटांच्या भिवपुरी-खोपोली वीजघरांच्या कृपेनं. पण वीजनिर्मितीबरोबर पातळी वरखाली होते, आणि स्प्रिंटला संथ, सरळ पाणी लागतं. मोरबे धरण म्हणजे नवी मुंबईचं पिण्याचं पाणी, त्याचं नाव नको. उरतात कलोते, डोणवत, पाली-भूतिवली ह्या धरणांचे तलाव.

तिथे सकाळी जाऊन पाहा. ट्रकच्या ट्यूबवर बसलेला कातकरी पोरगा एकदा डाव्या, एकदा उजव्या हातानं पाणी मागे सारत जाळ्यापर्यंत जातो. कमरेपासून वळतो, ट्यूब डगमगत नाही. शर्यतीची कयाक इतकी निमुळती असते की नवखा बसतानाच उलटतो. ह्या पोराचा तोल आधीच तयार आहे. रिसॉर्टवाले मात्र त्याला पाहुण्यांची रुंद प्लास्टिकची होडी धरायला उभा करतात.

क्रीडासंकुल मागत नाही. येत्या ऑक्टोबरात, तलाव भरलेले असताना, पाटबंधारे खात्याचा माणूस सोबत घेऊन या. सरळ 500 मीटर कुठे मिळतात आणि मे महिन्यात त्यातले किती उरतात, ते मोजा. जागा ठरली की चार कयाक, लाइफ जॅकेटं, एक सुरक्षा बोट आणि पगारी प्रशिक्षक द्या. पहिली निवड आश्रमशाळांतून करा.

कळावे.

आपला,
कर्जत तालुक्यातील एक रहिवासी