विश्लेषण : ‘लाडकी बहीण’चा ओटीपी येतो कुणाच्या फोनवर?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून ऑगस्ट 2024 पासून पात्र महिलांच्या खात्यात दरमहा 1500 रुपये जमा होतात. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने ई-केवायसी बंधनकारक केली. मोबाइलवर काही मिनिटांत होणारं हे काम अनेकींसाठी का अडलं?

प्रक्रिया काय होती?
महिलेने आपला आधार क्रमांक टाकायचा आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. त्यानंतर विवाहित असल्यास पतीचा, अविवाहित असल्यास वडिलांचा आधार क्रमांक आणि ओटीपी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं, ही योजनेची अट आहे.

आकडे काय सांगतात?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या महिला 54 टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला 33.3 टक्के, तर पुरुष 57.1 टक्के. घरात एकच फोन असेल तर तो बहुतेकदा कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात असतो. आधार काढताना नंबरही त्याचाच दिला जातो. नंबर बदलायला केंद्रावर जायचं तर 75 रुपये शुल्क आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

सर्वाधिक फटका कुणाला?
पती आणि वडील दोघेही नसलेल्या महिलांना. पुढे सरकारने मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली. मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची मुभाही दिली. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे यातला कोणता कागद असणार? योजनेच्या नियमांत ‘परित्यक्ता’ पात्र आहे. तिची ओळख पटवायला मात्र ज्याने घराबाहेर काढलं, त्याच्याकडेच ओटीपी मागायचा का?

मग करायचं काय?
उत्पन्नाची पडताळणी हवीच. पैसा जनतेचा आहे. पण ती शिधापत्रिकेवरून किंवा गावपातळीवरच्या चौकशीतूनही होऊ शकते. आधारला स्वतःचा नंबर जोडून देणारी मोफत शिबिरं गावात भरवता येतील. परित्यक्तांसाठी ग्रामपंचायत अधिकारी आणि अंगणवाडी सेविकेचा संयुक्त दाखला ग्राह्य धरता येईल. पैसे बाईच्या नावावर येत असतील, तर ते मिळवण्याची किल्ली दुसऱ्याच्या फोनमध्ये राहता कामा नये.