टेबल वाढतं, खुर्च्यांचं काय?

दिवाळी जवळ आली की फर्निचरच्या दुकानांत एक खेळ रंगतो. विक्रेता चौघांचं डायनिंग टेबल दोन्हीकडून ओढतो, पोटातली फळी वर काढून बसवतो आणि सहा जणांचं करून दाखवतो. गिऱ्हाईक खूश! त्या टेबलाभोवती दुकानात किती मोकळी जागा होती, ते मात्र कुणी बघत नाही.

घरी तोच हिशेब आडवा येतो. जेवायला बसलेल्या एका माणसाला टेबलाची दोन फूट कड लागते. चौघांना चार बाय अडीचचं टेबल पुरतं, तिघे-तिघे समोरासमोर बसायचे तर साडेपाच-सहा फूट लांबी हवी. शिवाय खुर्ची मागे सरकवून उठायला प्रत्येक बाजूला अडीच फूट तरी. म्हणजे टेबल अडीच फूट रुंद असलं, तरी ते जागा खातं साडेसात फूट. वन बीएचकेच्या दहा फुटी हॉलमध्ये मग सोफा कुठे ठेवणार? खरेदीआधी उघडलेल्या टेबलाच्या मापाने जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरा, खुर्च्यांसकट. त्यावर पाय न देता स्वयंपाकघरात जाता येतं का, ते बघा.

माझं मत विचाराल तर बंद टेबल रोजच्या माणसांपुरतं असावं आणि उघडल्यावर दोनच माणसं वाढावीत. आठ-दहा जणांची स्वप्नं लहान घराने पाहू नयेत. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोल्या होत्या. पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळतात. पण गौरी-गणपतीला पंचवीस पानं वाढायची असतील, तर त्या 500 फुटांतही सतरंजीच कामाला येणार. टेबल हवं ते अवचित मुक्कामाला आलेल्या मावशी-काकांसाठी.

फळी कुठून निघते याकडे नीट बघा. ती मधोमध बसणारी असेल तर सांधाही मधोमध येतो, आणि आपण आमटीचं पातेलं ठेवतो नेमकं तिथेच. आमटी फटीत उतरली की पुसायला फडकं पोचत नाही. दोन दिवसांनी वासच सांगतो. टोकांकडून बाहेर सरकणाऱ्या फळ्यांत हा त्रास कमी. सुटी फळी वेगळी ठेवावी लागत असेल तर मी ते टेबल घेणार नाही. ती कपाटामागे जाते आणि अंधारातच राहते. टेबल खऱ्या लाकडाचं असेल, तर वरचा भाग उजेडाने रंग बदलतो, फळी मात्र तशीच. पाहुण्यांसमोर ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक पाहुणा असतो, पाऊस. लाकूड दमट हवेत फुगतं, लाकडी सरकपट्ट्या श्रावणात अडकतात, म्हणजे ऐन सणांच्या तोंडावर. त्यांवर मेणबत्ती घासली की पुष्कळ सुटतात. पार्टिकल बोर्डाच्या कडेची पट्टी निघाली आणि आत पाणी गेलं, की तो फुगून बसतो. मग काही इलाज नाही.

आणि खुर्च्या? टेबल वाढलं तरी त्या चारच राहतात. जादाच्या दोन कुठे ठेवायच्या, हे दुकानदार सांगत नाही. एका बाजूला टेबलाखाली सरकणारा बाक घ्या, दाटीवाटीने तिघे बसतात. दोन घडीच्या खुर्च्या दारामागे टांगता येतात. गादीच्या, उंच पाठीच्या खुर्च्यांचा सेट गळ्यात मारायला बघतील, तो मोठ्या दिवाणखान्यांना लखलाभ.

शेवटची अट. दुकानात टेबल विक्रेत्याला उघडू देऊ नका. घरी जी व्यक्ती ते उघडणार, तिने एकटीने उघडून बघावं. बहुतेक घरांत ती बाईच असते. वर फळफळावळीची टोपली, इस्त्रीचे कपडे, पोराचा लॅपटॉप आणि तिकडे कुकरची तिसरी शिट्टी.