‘माहीत नाही’ म्हणण्याचा हक्क

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, त्यातच शब-ए-बरात. मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मी तेव्हा दहावीत होतो. पुढे आमच्याच समाजातल्या तरुणांना अटक झाली आणि ओळखीचे लोक विचारू लागले, ‘बोल, यांनीच केलं ना?’ मी म्हणालो, ‘माहीत नाही.’ लगेच निकाल लागला, ‘म्हणजे तू त्यांच्या बाजूचा!’

घोटाळा इथेच आहे. ‘केलं’ हे एक मत, ‘नाही केलं’ हे दुसरं. पुरावा हाती येईतो मत राखून ठेवणं ही तिसरी भूमिका. तिला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. ग्रीक संशयवादी तिला ‘एपोखे’ म्हणत. आपल्या फिकहमध्ये आणि हदीसशास्त्रात तिला ‘तवक्कुफ’ म्हणतात. दलील पुरी पडत नसेल तर थांबा. सूरह हुजुरातमध्ये तर आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची ताकीदच आहे.

अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं हा नैतिक गुन्हा आहे, असं विल्यम क्लिफर्डने १८७७ साली मांडलं. त्यावर १८९६ साली विल्यम जेम्सने हरकत घेतली की, काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत. हरकत खरी आहे. पण कृती वेगळी आणि खात्री वेगळी. संशयावरून चौकशी जरूर करावी. संशयालाच खात्री म्हणून खपवू नये.

त्या खटल्यातल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केलं. मधली दहा वर्षं त्यांना कोण परत देणार? ज्यांनी चहाच्या टपरीवर निकाल देऊन टाकला होता, त्यांच्यापैकी एकानेही ‘आमचं चुकलं’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

मात्र बोट आपल्याकडेही वळलं पाहिजे. आरोपी दुसऱ्या समाजाचा असला की आपणही आरोपपत्राची वाट पाहत नाही. मोबाईलवरच्या एका ओळीवरून आपल्याच शेजाऱ्याला गद्दार ठरवतो, एखाद्याच्या ईमानाचाही फैसला करून मोकळे होतो. आपल्या माणसापुरताच असेल तर तो तवक्कुफ नव्हे, वशिला आहे!

वर्गात मुलगा ‘सर, मालूम नहीं’ म्हणाला की पूर्वी मी त्याला उभं करायचो. आता विचारतो, ‘अच्छा, तो मालूम कैसे करेंगे?’ बी.एड.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं.