शिल्लक रजा



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमची मुलगी नववीत शिकते. शाळेतून तिने एक फॉर्म आणला होता. पालकांचे नाव, शिक्षण, व्यवसाय असे रकाने भरता भरता ती एका रकान्यापाशी थांबली. तिथे छापले होते, ‘पालकांचा छंद’. तिने आईला विचारले. आई म्हणाली, “लिही, भरतकाम.” मग ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, “समाजकार्य.”

“ते तर तुमचं काम झालं, बाबा. इथं छंद विचारलाय.”

मी पुष्कळ विचार केला. बी.कॉम. झाल्यापासून बावीस वर्षे कारकुनी करतो आहे. दिवसभर फाइली, संध्याकाळी विहारातला अभ्यासवर्ग. कुणाच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलची फेरी, कुणाच्या नातेवाइकासाठी रक्ताची धावपळ, आणि १४ एप्रिल जवळ आला की महिनाभर वर्गणीची पावतीपुस्तके. २०२० साली आम्हा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा मला आनंद झाला तो एवढ्यासाठीच की बैठकांना आणखी एक दिवस मिळाला! यातला एकही क्षण वाया गेला असे मला वाटत नाही. पण छंद? रकाना रिकामाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा हिशेब निघाला. आम्हाला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात. ३१ डिसेंबरला ज्या उरतील त्या बुडतात. माझ्या नावावर पाच शिल्लक होत्या. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, “साहेब, याही वर्षी रजा सरकारला दान करणार का? ज्वारी हुरड्यात आली आहे. कुटुंबासह आमच्या गावी या. आईंनाही आणा.”

गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. पुढे शनिवार-रविवार होताच. खरी अडचण घरातच निघाली.

आईने सत्याहत्तरी ओलांडली आहे. तिला म्हटले, चल, चार दिवस शेतात हिंडून येऊ. ती म्हणाली, “शेतात काय हिंडायला जात असतेत? शेतात रोजानं जायचं असतंय.”

यावर मला उत्तर सुचले नाही. तिचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या रानात गेले. निंदणी, खुरपणी, ज्वारीची काढणी, कणसांची मोडणी. ज्या हिरव्या रानाची चित्रे आपण कॅलेंडरवर पाहतो, ते रान तिच्या पाठीत आणि गुडघ्यात बसले आहे. त्या रात्री तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली. लहानपणी हुरड्याच्या दिवसांत ती तिच्या आईबरोबर बांधावर उभी राहायची. आगटीजवळ बसायची मुभा नव्हती. मालकाच्या घरची माणसे खाऊन उठली की उरलेला हुरडा वरून पदरात टाकायची.

“गरम असायचा का गं आजी?” मुलीने विचारले.

“पदरात पडेस्तोवर निवायचा,” आई म्हणाली.

कुणीच काही बोलले नाही. शेवटी माझी पत्नी म्हणाली, “आत्याबाई, आता पदर पसरायला नाही, मांडी घालून बसायला जायचंय. तुम्ही नाही आलात तर आम्हीही जात नाही.” आई काही बोलली नाही, पण सकाळी पाहतो तो तिची पिशवी दारात तयार!

छत्रपती संभाजीनगरहून पैठणची एसटी धरली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत झाला, आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. चौघांत पूर्ण तिकीट काय ते माझे एकट्याचे! वाणिज्य शाखेच्या माणसाची सहल इथेच निम्मी यशस्वी झाली. जायकवाडीच्या पाण्यामुळे या पट्ट्यात ऊस आणि मोसंबी वाढली, कापूस तर आहेच. ज्वारी आता शोधावी लागते. सहकाऱ्यांच्या घरी मात्र दहा गुंठे गूळभेंडी दरवर्षी पेरतात, ती केवळ हुरड्यासाठी. गूळभेंडीचे दाणे गोड, आणि चोळले की बोंडातून सहज सुटतात. म्हणून हुरड्यात तिचा मान मोठा.

ज्यांनी पाहिले नाही अशा शहरातल्या मुलांसाठी सांगतो. रानात एक उथळ खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या. धूर गेला आणि लालभडक निखारा उरला की ती झाली आगटी. त्यात कणसे खुपसायची आणि फिरवत राहायची. दाणा दुधाळ असेल तर चिकट होतो, जून झाला तर दाताला लागतो. मधला काळ आठ-दहा दिवसांचाच. भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि तो हिरवा दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर नाहीतर दह्याबरोबर खायचा. तळहात भाजतातच. भाजले नाहीत तर हुरडा निवला समजावे.

आम्ही आगटीभोवती बसलो. आई चार हात लांब, बांधाच्या दगडावर बसली. सवयीने. सहकाऱ्यांच्या आई तिच्याच वयाच्या. त्या उठल्या, आईचा दंड धरून तिला पोत्यावर आपल्या शेजारी बसवले आणि म्हणाल्या, “आक्का, आमच्या पोरांना कणीस पारखता येत नाही. तुम्ही सांगा कोणतं तोडायचं.” मग काय विचारता! आईने अंगठ्याच्या नखाने दाणा दाबून पाहिला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. “हे नको, कच्चं आहे. ते तिकडचं घे. फिरव, फिरव, करपतंय!” साहेबांचा मुलगा इंजिनीअर, तो बिचारा पळत होता. पहिले कणीस सहकाऱ्यांच्या आईने स्वतः चोळले, फुंकले आणि आईच्या तळहातावर ओतले. आईने ते लगेच तोंडात टाकले नाही. थोडा वेळ नुसते हातात धरून बसली. मुलीने विचारले, “आजी, खात का नाहीस?” आई म्हणाली, “पोळतंय गं.” पण हात काही तिने उघडला नाही.

या एका हुरड्याने गाव बदलले असे मी म्हणणार नाही. तेवढा मी भोळा नाही, आणि या पानाचे वाचकही नाहीत. पण आमच्या आईच्या हिशेबात एक जुनी बाकी होती, तिच्यातले काही त्या दुपारी वळते झाले, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

संध्याकाळी जेवण शेतातच झाले. ज्वारीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, करडईची भाजी, खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा आणि येसराची आमटी. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. पुरुषांची सहल म्हणजे बायकांची दुप्पट चूल, हा आपल्याकडचा नेम आहे. माझ्या नावावर आठ नैमित्तिक रजा आहेत, माझ्या पत्नीच्या नावावर किती? बावीस वर्षांचा हिशेब काढला तर एकही नाही. म्हणून आम्ही दोघा कारकुनांनी ठरवले की वांगी भाजणे, ठेचा कुटणे आणि भांडी घासणे आपल्याकडे. ठेच्यात मीठ जास्त पडले. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मुलीला घेऊन नाथसागराच्या काठावर गेलो. पैठणचे हे धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. हिवाळ्यात इथे दूरदूरचे पाहुणे उतरतात. धुके विरळ झाले तसे पाण्याच्या कडेला पट्टकादंब दिसले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली ही रानबदके हिमालय ओलांडून येतात. त्यांना ना पासपोर्ट, ना जातीचा दाखला! चिखलात लाल काडीसारख्या पायांवर शेकाट्या चालत होते. मुलीने शाळेच्या वाचनालयातून पक्ष्यांचे पुस्तक आणले होते. ती पानात शोधत होती आणि मी न पाहताच सांगत होतो. “ही शेपटी हलवते ती परीट. तो वेडा राघू. बाभळीत घुमतोय तो कुंभारकावळा, पुस्तकात भारद्वाज असेल बघ.”

“बाबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?”

मला आठवले. लहानपणी मी गावी शेळ्या राखायचो. टिटवी ओरडली की तिच्यासारखेच ओरडून तिला फसवायचो. शहरात शिकायला आलो, नोकरी लागली, चळवळीत पडलो आणि हे सारे कुठल्या फाइलीत बंद झाले, कळलेही नाही.

शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या कार्यकर्त्यांची मासिक बैठक होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी नव्हतो. जीव टांगणीला लागला होता. रात्री फोन केला तेव्हा कळले, बैठक वेळेवर सुरू झाली, वेळेवर संपली, आणि जमाखर्च आमच्याच अभ्यासवर्गात शिकलेल्या एका मुलीने वाचला. एक आकडा चुकला होता, तोही तिने शोधला. चूक माझीच होती. मला थोडे वाईट वाटले आणि पुष्कळ बरे वाटले.

त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या मी विचार करत होतो. आपण रजेला चैन का समजतो? ही रजा कुणी फुकट दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळवली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी सुटी मिळाली. १९४६ सालच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४५ सालीच प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की फुरसत असेल तरच माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येते, नाहीतर त्याचे जिणे पशूसारखे होते. यंत्राची बाजू त्यांनी घेतली ती त्यासाठीच. म्हणजे ज्या फुरसतीची आपल्याला लाज वाटते, तिच्यासाठी आपल्या थोर माणसांनी भांडण केले आहे!

आपण मुलांना बाबासाहेबांच्या अठरा अठरा तासांच्या अभ्यासाची गोष्ट सांगतो. सांगितलीच पाहिजे. पण दिल्लीच्या बंगल्यात ते हौसेने बाग फुलवत, उतारवयात व्हायोलिन शिकायला बसत, ही गोष्ट किती जण सांगतात? जो माणूस एवढ्या कामातून व्हायोलिन शिकतो, त्याचे अनुयायी आम्ही, आणि छंदाच्या रकान्यात आम्हाला काही लिहिता येऊ नये?

सहलीचा जमाखर्च सांगतो, कारण त्याशिवाय माझा लेख पुरा होत नाही. खर्च: एसटीची तिकिटे, यजमानांच्या घरी नेलेली पेढ्यांची पेटी आणि मुलीच्या हातचा एक फोड. जमा: बाकी सगळे. हॉटेल नाही, मोटार नाही, कर्ज नाही. ज्यांना गाव नाही किंवा ज्यांना गावाची आठवण नकोशी वाटते, त्यांनी गावीच जावे असे मी म्हणत नाही. जवळचे तळे आहे, लेणी आहेत, टेकडी आहे. भाकरी-ठेचा फडक्यात बांधला की झाले. घरातल्या बाईला त्या दिवशी चुलीपासून रजा द्या, म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, आणि निघा.

परतल्यावर मुलीने तो फॉर्म पुन्हा काढला. मी तिच्या हातातून पेन घेतले आणि रिकाम्या रकान्यात लिहिले, ‘पक्षी पाहणे’. तेवढ्यात आई आतून म्हणाली, “माझंबी लिही गं.” मुलगी म्हणाली, “आजी, यात आजीचा रकाना नाही.”

“मग आख,” आई म्हणाली. “लिही, हुरडा भाजणे.”

मुलीने पट्टी घेऊन रकाना आखला. तीन रजा अजून शिल्लक आहेत. ३१ डिसेंबरच्या आत त्या संपवायचा आमच्या घरी ठराव झाला आहे. सूचक आई, अनुमोदक पत्नी. ठराव एकमताने मंजूर!