पाहुण्यांना बसवायचं कशावर?

मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे पहिली चिंता बैठकीची. 'त्यांना बसवायचं कशावर?' मग बचत गटातून कर्ज काढायचं, नाहीतर हप्त्यावर सोफासेट आणायचा. पाहुणे पोहे खाऊन तासाभरात जातात, हप्ते मात्र वर्ष-दोन वर्षं पाठ सोडत नाहीत. उचल घेतली की ती फेडताना काय होतं, हे ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांना वेगळं सांगायला हवं का? मग निदान मिरवण्यासाठी तरी कर्ज नको, असं मला वाटतं.

बसायला भक्कम बाकडं पुरतं, आणि ते घरी करता येतं. अंबाजोगाईतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी लांबट सागवानी टीपॉय आणला. वरची काच नव्हती, पण पाय दणकट होते. जुनं लाकूड घेताना एवढंच बघा, बारीक छिद्रं असतील आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड लागलेली असते. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नका.

पाय पॉलिशपेपरनं घासून घ्या. चौकटीच्या मापाचं १८ मिलिमीटरचं प्लायवूड कापून आणा. त्यावर सहा-सहा इंचांवर, शंकरपाळ्यांची नक्षी होईल अशा खुणा करून छिद्रं पाडून घ्या. वर तीन-चार इंच जाडीची कापसाची गादी. तिच्यावर जाड कापड, सोलापुरी चादरसुद्धा छान दिसते. कापड चारी बाजूंनी सात-आठ इंच जास्त ठेवा, बटणं ओढली की ते आत जातं. त्याच कापडानं मढवलेली बटणं मॅचिंग सेंटरमधून करून घ्या. दाभणात पक्का नायलॉनचा दोरा ओवून बटण वरून खाली ओढायचं आणि प्लायवूडच्या खालच्या बाजूला चुकेला घट्ट बांधायचं. सुरुवात मधोमध, मग कडेकडे. सगळी बटणं झाल्यावरच कापडाच्या कडा खालून ठोकायच्या, म्हणजे चुण्या सारख्या पडतात. शेवटी हा पाट चौकटीवर स्क्रूनं बसवा. झालं बाकडं!

विलायतेत एकोणिसाव्या शतकात अशा बटणांच्या सोफ्यांची टूम होती. पण आपल्या साध्या गादीला जागोजाग दोरे मारतात तेही त्याचसाठी, आतला भराव सरकू नये म्हणून. आणि फोम एकदा चेपला की टाकूनच द्यावा लागतो. कापूस मात्र पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेता येतो. कापूस आपल्याच शिवारात पिकतो, पिंजारीही आपल्याच गावचा. त्याच्या हाताला काम मिळालं तर वाईट काय?

आता मुद्द्याचं बोलते. लग्नात 'संसाराचं सामान' म्हणून कपाट, पलंग, सोफा मागणं हा १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानं गुन्हा आहे. न मागता, हौसेनं दिलेल्या वस्तूंचीसुद्धा १९८५ च्या नियमांप्रमाणे सहीनिशी यादी ठेवायची असते. आपण आहेराच्या पाकिटांची वही जपून ठेवतो, पण ही यादी किती घरांत होते? लेकीला काही द्यायचंच असेल तर ती यादी आधी करा. उद्या वेळ आली तर तिचं काय होतं ते कागद सांगेल.

कुणी म्हणेल, 'जुन्या बाकड्यावर पाहुणे बसवले तर लोक काय म्हणतील?' म्हणू द्या की! स्वतःच्या हातानं केलेल्या बाकड्यावर बसवण्यात लाज कसली? उलट त्यावर बसायला ज्यांना कमीपणा वाटतो, ते पुढे काय काय मागतील, हे त्याच दिवशी कळेल. मैत्रिणींनो, अशा घरी आपली लेक द्यायची की नाही, हे ठरवायला मग फार वेळ लागणार नाही.