कवड्या की मण्यार?

पावसाळा लागला की बोरिवली-मुलुंडच्या, नॅशनल पार्कला लागून असलेल्या सोसायट्यांमधून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापांचे फोटो येऊ लागतात. "डॉक्टर, हा बिनविषारीच ना?"

हा प्रश्न जितका सापाचा, तितकाच मेंदूचा आहे. नवीन काही दिसले की मेंदू त्याला ओळखीच्या एखाद्या गटात बसवून टाकतो. लहान मूल शेळीलाही 'भूभू' म्हणते. आई दहादा सुधारते, तेव्हा नेमकी कोणती खूण बघायची हे त्याला उमगते.

मोठ्यांचेही तेच. 'गडद अंगावर पांढरे पट्टे' एवढेच डोक्यात असेल, तर बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार सारखेच दिसतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे उलट: मानेजवळ पुसट, शेपटीकडे स्पष्ट, बहुधा जोडीजोडीने. सर्पमित्राने असे कित्येक साप हाताळलेले असतात आणि चुकले तेव्हा ते त्याला कळलेलेही असते. त्याची नजर अशी घडते.

तक्ता पाठ करून ती येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्त्यातला साप उजेडात, पूर्ण पसरलेला असतो. तुमचा साप बाथरूमच्या कोपऱ्यात, अर्धाच दिसणारा, आणि तुम्ही घाबरलेले! त्यात मण्यारचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो.

खरे म्हणजे उपचारासाठी साप ओळखलेलाच हवा असे नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडे प्रतिविषाचे एकच इंजेक्शन आहे. ते द्यायचे की नाही, हे आम्ही लक्षणांवरून आणि काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटांत रक्त गोठते का, यावरून ठरवतो.

म्हणून साप चावला असेल, किंवा तशी नुसती शंका असली तरी, सापाला शोधू नका, मारू नका. जखम चिरू नका, दोरीने आवळू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठा आणि तिथे २४ तास देखरेखीखाली राहा. साप 'बिनविषारी' वाटला तरीही. फोटो आधीच काढलेला असेल तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा. मला पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. मी कदाचित ओपीडीत असेन.